गुरुजींचा भ

आमच्या ध्वनिविज्ञानाच्या कामात दिवसाचा बराचसा वेळ मिलिसेकंद मोजण्यात जातो. प म्हणताना ओठ मिटतात, उघडतात आणि स्वरतंतू कंप पावू लागतात. ओठ उघडतात तो क्षण शून्य धरायचा आणि कंप त्याच्या किती आधी किंवा किती नंतर सुरू झाला ते बघायचं. या मापाचं नाव व्हॉइस ऑनसेट टाइम, आम्ही नुसतं व्हीओटी म्हणतो. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोन अमेरिकन ध्वनिवैज्ञानिकांनी १९६४ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि एवढ्या एका मापाने अकरा भाषांमधली स्पर्श व्यंजनं, म्हणजे प, त, क सारखी हवा अडवून सोडलेली व्यंजनं, मोजून दाखवली. त्या अकरांत थाई होती, कोरियन होती, हंगेरियन होती, तमिळ आणि हिंदी होत्या, आणि मराठीही होती. सगळं मोजमाप कागदावर उमटलेल्या स्पेक्ट्रोग्रामवरून, म्हणजे आवाजाच्या चित्रावरून. अमेरिकन इंग्रजीतल्या प ची सरासरी त्यांना ५८ मिलिसेकंद मिळाली. आपला प एवढा वेळ काढत नाही, ओठ उघडले की कंप जवळजवळ लगेच सुरू होतो.

हे सगळं डोक्यात ठेवून आम्ही वाईला एका निवृत्त शिक्षकांकडे ध्वनिमुद्रणाला गेलो होतो. मे महिना, पंखा बंद, खिडकीला गोधडी, कुकर लावू नका अशी काकूंना विनंती. गुरुजींचा आवाज खणखणीत. यादीत जोड्या होत्या : दार-धार, गडी-घडी, बाजी-भाजी. प्रत्येक शब्द ‘आता अमुक म्हणा’ अशा वाक्यात बसवलेला. फ मुद्दाम वगळला होता. हल्ली बरेच जण ‘फळ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतात. हवा घासत बाहेर पडते, ओठ मिटतच नाहीत, मग शून्य धरायचं कुठे? म्हणून महाप्राणासाठी, म्हणजे हकार मिसळलेल्या व्यंजनांसाठी, थ, ठ, ख यांवर भागवतो.

माझ्याबरोबरचा विद्यार्थी लॅपटॉपवर ‘प्राट’ हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर उघडून लगेच खुणा करत होता. भाजी झाली, बाजी झाली, आणि तो हळूच म्हणाला, “मॅडम, ब आणि भ चे आकडे एकमेकांत मिसळतायत.” दोन्ही शून्याच्या अलीकडे, म्हणजे ओठ उघडण्याआधीच कंप चालू. त्याला वाटलं माइकमध्ये काहीतरी गडबड आहे.

गुरुजींचे कान तिखट. “म्हणजे मी भाजीला बाजी म्हणतो, असं सांगतंय का तुमचं यंत्र?”

“नाही हो गुरुजी, यंत्राला विचारलेला प्रश्नच अपुरा आहे.”

खरं तर हा पेच त्या जुन्या निबंधातच आहे. त या प्रकारची अघोष (कंप नसलेली) अल्पप्राण (हकार नसलेली) व्यंजनं, थ सारखी महाप्राण आणि द सारखी घोष (कंप असलेली), हे तीन गट व्हीओटी व्यवस्थित वेगळे काढतं. ध आला की अडतं, कारण द आणि ध दोन्हींमध्ये कंप आधीच सुरू झालेला असतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी हे लपवलं नाही. हिंदी आणि मराठीच्या घोष महाप्राणांना हे माप पुरत नाही, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. मला त्या निबंधातला हाच भाग सगळ्यात आवडतो. वर्गात मात्र तीन गटांचा तक्ता शिकवला जातो आणि ही अडचण तळटीपेइतकी उरते.

मी लॅपटॉप गुरुजींकडे फिरवला. ओठ उघडल्यानंतरचा ‘आ’ मोठा करून दाखवला. ‘बाजी’तला आ पहिल्यापासून ठसठशीत, उभ्या रेघा स्वच्छ. ‘भाजी’तल्या आ ची सुरुवात धुरकट. तिथे स्वरतंतू हलत असतात, पण पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटत राहते. आवाज अनेक कंपनांचा मिळून बनतो, त्यांना संवादी (हार्मोनिक) म्हणतात. अशा आवाजात पहिला संवादी दुसऱ्यापेक्षा बराच जोरदार होतो, त्या दोघांच्या जोरातला फरक आम्ही मोजतो. गुजरातीच्या अशाच हवा निसटणाऱ्या, मर्मर स्वरांवर एली फिशर-यॉर्गेन्सन या डॅनिश विदुषीने १९६७ मध्ये असाच शोध घेतला, आणि तो छापला ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ने. मराठीबद्दल केली बर्कसन यांनी २०१३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात प्रबंध लिहिला. त्यात भ, ध यांच्याबरोबर म्ह, न्हही आहेत. म्ह मध्ये तर हवा अडवून एकदम सोडण्याचा स्फोटच नाही, तिथे व्हीओटीला हात घालायला जागाच नसते.

गुरुजींनी तोंडासमोर तळवा धरला आणि भ, भ, भ करून पाहिलं. “पोरांना मी असाच शिकवायचो. हवा नंतर लागते हे पहिलीतल्या पोराला कळतं. तुम्ही ओठ उघडायच्या आधीच का बघत बसलात?”

विद्यार्थी माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि तेवढ्यात चहा आला.

चहाच्या वेळी रेकॉर्डर बंद करत नाही, हे आम्ही आधीच सांगितलेलं असतं. लोक विसरतात. गुरुजी दुधाचे वाढलेले भाव, नातवाची परीक्षा, घाटातली वाहतूक यावर रंगात येऊन बोलले. नंतर ऐकताना विद्यार्थ्याने एक जागा थांबवली. “तिला म्हटलं, दूद जास्त घे.” यादी वाचताना ‘दूध’ शेवटच्या हकारासकट नीट आला होता. गप्पांत तो हकार पार गेलेला, आणि ‘वाघ’चाही वाग झालेला. मराठीत हे जागोजागी होतं, शब्दाच्या शेवटी महाप्राणाला दम उरत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा भ मात्र त्याच गप्पांत जसाच्या तसा धुरकट होता.

मी गुरुजींना ते ऐकवलं. ठेवायचं की काढायचं, हे त्यांनीच ठरवायला हवं. ते दोनदा ऐकून म्हणाले, “हा माझा आवाज नव्हे.” मग तिसऱ्यांदा ऐकलं. “ठेवा. पण शेजारी लिहा, चहा पिताना.”

तशी नोंद मी केलीच, कारण वाचलेलं आणि बोललेलं एका रकान्यात टाकलं तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही. लिस्कर-अब्रॅमसननीही सुटे शब्द आणि वाक्यं वेगवेगळी मोजली होती.

मग गुरुजींनी स्वतःच काकूंना खुर्चीवर बसवलं. काकूंनी यादी हातात घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या झटक्यात, समोर ‘दूध’ लिहिलेलं असताना, सरळ ‘दूद’ म्हटलं. गुरुजी तोंड उघडणार होते, मी हाताने थांबवलं.