नाचणीचा डबा

फडताळाच्या वरच्या फळीवर, कोकमाच्या बरणीमागे, नाचणीच्या पिठाचा डबा असतो. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला त्याच संध्याकाळी दळून आणलेलं पीठ. पहिले चार दिवस भाकऱ्या झाल्या, मग पुन्हा भात. दुपारी सव्वाबाराला कुकरची तिसरी शिट्टी होते, आमटी तयार असते, आणि तो डबा काढायचं कोणाच्या मनातही येत नाही.

नाचणी चांगली, यावर कोकणात वाद घालणारा माणूस भेटायचा नाही. १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. मत पक्कं आहे. अडतं त्याच्या पुढे.

आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलं की नुसत्या मतातून मनसुबा होत नाही. आपल्या माणसांना काय वाटतं आणि 'हे मला जमेल का', हेही त्यात येतं. आपल्या माणसांचं म्हणाल तर, पाहुण्याच्या पानात नाचणी वाढायला अजून हात धजत नाही. आणि जमण्याचं म्हणाल तर भाकरीच बघा. वाटीभर पाण्याला मीठ घालून खळखळून आधण आणायचं, वाटीभर पीठ घालून ढवळायचं, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकायचं, नि गरम असतानाच मळायचं. नाचणीत गव्हाचा चिवटपणा नाही. उकडीत पीठ फुलतं, तीच काय ती पकड. आधण कोमट राहिलं की थापताना कडा चिरतात, उचलताना भाकरीचे दोन तुकडे. असं दोनदा झालं की 'मला नाही बाई जमत' पक्कं होतं, आणि डबा वर जातो.

बरं, मनसुबा झाला तरी काम होतंच असं नाही. २००६ मध्ये वेब आणि शीरन या संशोधकांनी लोकांचा मनसुबा बदलून बघणारे ४७ प्रयोग एकत्र तपासले: मनसुबा बराच बदलला, वागणं त्या मानाने थोडंच. यावर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचा उपाय अगदी घरगुती वाटावा असा आहे. 'नाचणी खायची' असं नाही ठरवायचं. 'कुकर उतरला की त्याच शेगडीवर आधण ठेवायचं' असं ठरवायचं. वेळ आणि जागा धरून. मग आठवण कुकरच करून देतो. खाण्याबाबत एक गंमतही दिसली आहे: 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा जर-तरने चांगलं काही पानात वाढवणं सोपं जातं, नको ते सोडणं तितकंसं नाही. 'भात बंद' ही प्रतिज्ञा सोलकढीच्या पहिल्या वाटीपाशीच मोडते. त्यापेक्षा भात राहू दे, एक मूद कमी, आणि शेजारी अर्धी भाकरी.

डबा तेवढा खालच्या फळीवर, तव्याशेजारी आणावा. आणि एकदा उघडून बघावा. आषाढातल्या दमट हवेत पिठाला जाळी धरायला वेळ लागत नाही, आणि हा तर चैत्रापासून वर आहे.