फुलीची सही

आज दिवसभर व्हर्जिनियात, आमच्या काउंटीच्या कोर्टहाउसमधल्या रेकॉर्ड रूममध्ये होते. घर घेतोय, त्या जमिनीची मालकी मागे मागे शोधत गेले. आपल्याकडे गट नंबर सांगितला की सातबारा निघतो. इथे माणसांच्या नावाने शोधायचं. लिहून घेणाऱ्यांच्या (खरेदीदारांच्या) इंडेक्समधून डीड बुक, म्हणजे खरेदीखतांची नोंदवही, आणि पान काढायचं, त्यात लिहून देणाऱ्याचं नाव, मग तो कधी घेणारा होता ते बघायचं. असं करत १९३४ पर्यंत पोचले. तिथे एका बाईंनी सहीच्या जागी फुली मारलेली, शेजारी दोन साक्षीदार. आजीचा खरेदीखतावरचा अंगठा आठवला आणि पान उलटवेचना.

शुक्रवारी आमचं खरेदीखत तिथेच नोंदवलं जाईल.