'टू', 'इन' आणि 'विथ'

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि आमच्या इंग्रजीच्या बाई आठवल्या. त्यांनी आम्हांला 'मॅरिड विथ' कधीच लिहू दिलं नाही. मराठीत लग्न कुणाशी तरी होतं, आणि 'शी' म्हणजे 'विथ' हे आम्ही गृहीत धरलेलं, कारण मैत्रिणीशी बोलणं, खेळणं, भांडणं या सगळ्यांना तेच चालून जायचं. आठवीत बाई आमच्या वर्गाला इंग्रजी शिकवायला आल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मॅरिड टू'. त्याखाली 'एंगेज्ड टू'. मग थोडी जागा सोडून 'सेपरेटेड फ्रॉम' आणि 'डिव्होर्स्ड फ्रॉम'. जोडण्याला 'टू', सुटण्याला 'फ्रॉम'. सगळ्या वर्गाच्या ते कायमचं लक्षात राहिलं.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं 2000 साली, आणि मी दहावी झाले 1991 मध्ये. घरी इंग्रजी कानावर पडायचं ते रेडिओवर क्रिकेटचं समालोचन लागलं तरच. अशा मुलामुलींना बाईंनी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या नाहीत. शब्द एकटा वहीत उतरवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्याच्या पुढे काय येतं, तो कुणाविषयी आणि कुठे वापरायचा, हे सगळं मिळून एक पूर्ण वाक्य लिहायचं. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'माणसं', उजवीकडे 'कामं'. डावीकडे सिंगल, एंगेज्ड, मॅरिड, विडोड. उजवीकडे जॉइन, अटेंड, टेक पार्ट, पार्टिसिपेट, कंपीट. त्या रेघेचं मोल मला फार उशिरा कळलं. त्याविषयी पुढे लिहितेच.

उजवी बाजू आम्ही मैदानावर शिकलो. दिवाळीची सुट्टी संपली की गॅदरिंगचे वारे वाहू लागायचे आणि व्हरांड्यात एकच प्रश्न असायचा, 'नाव दिलंस का?' बाई तो इंग्रजीत विचारायच्या आणि उत्तरही इंग्रजीत मागायच्या. लेझमीत नाव दिलं असेल तर 'आय ॲम टेकिंग पार्ट इन लेझीम'. 'टेक पार्ट'च्या पाठोपाठ 'इन' आलंच पाहिजे, आणि 'पार्टिसिपेट'च्याही. अर्थ तोच, पण 'पार्टिसिपेट' सूचनाफलकावरचा, प्रमाणपत्रावरचा; मैत्रिणीला सांगताना 'टेक पार्ट'. 'जॉइन' मात्र एकटा चालतो. खो-खोच्या संघात कायमची सामील झालीस तर 'जॉइन्ड द टीम', आणि संध्याकाळी चाललेल्या डावात मध्येच शिरलीस तर 'जॉइन्ड इन'. नुसती बघायला बसलीस तर 'अटेंड'. त्याच्यामागे 'इन' नको आणि 'टू' तर नकोच, कारण 'अटेंड टू' म्हणजे एखाद्याकडे लक्ष पुरवणं. दवाखान्यातली नर्स पेशंटकडे 'अटेंड टू' करते, आपण लग्नाला जातो ते नुसतं 'अटेंड'. हा फरक शिकवताना बाईंनी आम्हांला बाकांवरून उठवून दोन गटांत उभं केलं होतं, एक लेझीम खेळणारा आणि एक बघणारा, आणि प्रत्येकीनं आपल्या गटाचं वाक्य म्हणायचं.

आपला भाग कऱ्हाडचा, म्हणून या शब्दांची उदाहरणं बाई गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांची द्यायच्या. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी 'टुक पार्ट', फ्लायवेट गटात 'कंपीटेड', आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत ते बँटमवेट गटात उतरले आणि ब्राँझ मेडल 'वन'. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक क्रीडाप्रकारातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. 'टेक पार्ट'पासून 'विन'पर्यंतची वाट एकाच माणसाच्या आयुष्यातून दाखवता येते, आणि तो माणूस आपल्या शेजारच्या गावचा, हे ऐकताना वर्गातली सगळ्यांत मागच्या बाकावरची मुलंही ताठ बसायची. जिंकण्यापेक्षा भाग घेणं मोलाचं, हे वचनही त्याच लंडनमधलं, 1908 च्या ऑलिंपिकच्या वेळचं. पेनसिल्वेनियाचे बिशप एथेलबर्ट टॅलबट यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या प्रवचनात तो विचार मांडला आणि काही दिवसांतच आधुनिक ऑलिंपिकचे जनक पियर द कुबर्तां यांनी तो आपल्या भाषणात घेतला. मी हे पुढे डी.एड. करताना वाचलं आणि पहिल्यांदा आठवल्या त्या बाई.

डावी बाजू जास्त अवघड होती. तिथं शब्द चुकला तर मार्क तर जायचेच, शिवाय एखाद्या माणसाचं आयुष्यच चुकीचं सांगितलं जायचं. 'गॉट मॅरिड' म्हणजे लग्न लागलं, ती घटना. 'इज मॅरिड' म्हणजे लग्न झालेलं आहे, ती अवस्था. आई-बाबांच्या लग्नाला वीस वर्षं झाली हे सांगायचं तर 'दे हॅव बीन मॅरिड फॉर ट्वेंटी इयर्स'. तिथं कुणी 'दे वेअर मॅरिड फॉर ट्वेंटी इयर्स' म्हटलं की बाई थांबवायच्या. त्याचा अर्थ होतो, वीस वर्षं टिकलं आणि मग संपलं. काळाच्या एका रूपानं संसार मोडू शकतो, म्हणून त्या आम्हांला व्याकरण इतकं जपून शिकवत. 'विडोअर' हा शब्द 'विडो'वरून झाला, पुरुषाचा शब्द बाईच्या शब्दावरून घडण्याचं इंग्रजीतलं हे दुर्मीळ उदाहरण, हेही त्यांनीच सांगितलं. नात्यांच्या शब्दांत आम्ही फार रेंगाळलो नाही. नणंद, मेहुणी, वहिनी सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'त बसतात, एवढं समजून पुढे गेलो.

नववीत बाईंनी इंग्रजी वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिरातींची कात्रणं आणली. 'अलायन्स इन्व्हायटेड फॉर' अशी सुरुवात असलेल्या त्या बारीक टायपातल्या ओळी वाचून आम्ही शब्द शोधायचे. एका जाहिरातीत मुलीसाठी 'इनोसंट डिव्होर्सी' असं छापलं होतं. बाईंनी लाल पेन घेतलं आणि 'इनोसंट' खोडलं. म्हणाल्या, घटस्फोट ही कोर्टानं नोंदलेली गोष्ट आहे, 'डिव्होर्स्ड' एवढं सांगितलं की पुरे. निर्दोष असल्याचा दाखला मुलीनं बरोबर घेऊन का हिंडायचं? आमच्या गावात तेव्हा हे असं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

त्याच वर्षी 'माय फॅमिली'वर निबंध होता. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आईबरोबर आजोळी राहायची. वडील होते, पण नव्हते. ती वही उघडून नुसती बसली. बाई तिच्याजवळ आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, 'आय लिव्ह विथ माय मदर अँड माय ग्रँडपेरंट्स. हे वाक्य पूर्ण आहे गं. पुढं काही लिहावं लागत नाही.' 'विथ' जिथं खरोखर शोभतं ती जागा मला त्या दिवशी दिसली. मैत्रिणीनं त्या एका वाक्यापुढे आजोळच्या विहिरीवर, आजोबांच्या बैलजोडीवर पानभर लिहिलं आणि वर्गात तो निबंध वाचून दाखवला.

स्त्रियांच्या नावामागच्या उपाध्यांबद्दल बाई फार आग्रही होत्या. मराठीत कु., सौ., श्रीमती, गं. भा.; नावाच्या आधी पाहुण्यांना नवऱ्याची खबर. इंग्रजीत मिस आणि मिसेस, दोन्ही मूळच्या 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दाचे संक्षेप. आणि मग तिसरा, 'मिझ', ज्याच्यातून लग्नाचा पत्ता लागत नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं आपल्या पानांत 'मिझ' वापरायला 1986 मध्ये सुरुवात केली, आणि दोन-तीन वर्षांतच आपल्या शाळेत बाई आमच्याकडून प्रमुख पाहुण्यांना 'मिझ' घालून पत्र लिहून घेत होत्या. इंग्लंडच्या विवाह नोंदवहीतले 'बॅचलर' आणि 'स्पिन्स्टर' जाऊन दोघांसाठी 'सिंगल' यायला 2005 उजाडावं लागलं. आम्ही मात्र वर्गात आधीपासून दोघांना 'सिंगल'च लिहीत होतो.

आता त्या रेघेविषयी. संक्रांतीला शाळेत माता-पालकांसाठी तिळाच्या वड्यांची स्पर्धा असायची. तिची सूचना इंग्रजीत करा, असा अभ्यास बाईंनी दिला. वर्गातल्या हुशार मुलीनं लिहिलं, 'मॅरिड विमेन आर इन्व्हायटेड टू टेक पार्ट'. संक्रांत म्हणजे हळदीकुंकू आणि हळदीकुंकू म्हणजे सुवासिनी, हे आम्हांला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाईंनी ते वाक्य फळ्यावर घेतलं आणि विचारलं, 'स्पर्धा वड्यांची आहे. यात मॅरिड कशाला?' मग त्यांनी ते पुसून लिहिलं, 'ऑल मदर्स अँड ग्रँडमदर्स आर वेलकम टू टेक पार्ट'. त्या वर्षी वर्गातल्या एका मुलाची आजी वड्या घेऊन आली. कपाळ मोकळं असलेली बाई संक्रांतीला शाळेच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. डाव्या रकान्यातल्या शब्दानं उजव्या रकान्यातलं दार बंद व्हायचं, गावोगाव, घरोघर. बाईंनी मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या होत्या.

'एंगेज्ड' हा शब्द तेवढा रेघेच्या दोन्हीकडे होता. 'एंगेज्ड टू' म्हणजे साखरपुडा झालेला, 'एंगेज्ड इन' म्हणजे कामात गुंतलेला. फक्त पुढचा छोटा शब्द बदलायचा. 'इन्व्हॉल्व्ह्ड'चंही तसंच, 'विथ' लागला की बहुधा माणूस आणि 'इन' लागला की काम. आज माझ्या वर्गातल्या मुली 'ती कमिटेड आहे' असं सर्रास बोलतात. मी विचारते, 'टू'? कुणाला, की कशाला? इंग्रजीत माणसाला वाहून घेणं आणि कामाला वाहून घेणं, दोन्हीकडे 'कमिटेड टू'च येतं, हे कळलं की दोघी-तिघी तरी आपल्या कबड्डीबद्दल बोलू लागतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि 2011 च्या फेब्रुवारीत प्रगणक म्हणून दारोदार फिरले. जनगणनेच्या फॉर्मात वैवाहिक स्थितीचे पाच पर्याय होते : नेव्हर मॅरिड, करंटली मॅरिड, विडोड, सेपरेटेड, डिव्होर्स्ड. 2001 मध्ये शेवटचे दोन एकत्रच होते, ते या वेळी वेगळे झाले, आणि मला मनापासून बरं वाटलं, कारण नवऱ्यानं टाकलेली आणि कायद्यानं मोकळी झालेली या दोघींची आयुष्यं एका आकड्यात बसत नाहीत. आपल्या भागात तर असंख्य घरांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेलेली. 1982 च्या संपानंतर काही परतली, काही नाही. अशा घरात प्रश्न विचारताना मी बाईंसारखीच वाकून, हलक्या आवाजात विचारायची. समोरची जे सांगेल तेच लिहायचं, माझ्या अंदाजाचं नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 च्या मे महिन्यात ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. बातमी वाचून मी बाईंना फोन केला. वय झालंय, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'आता तिथल्या बायका संक्रांतीला येतील ना?'

म्हणून स्मरणिका समितीला एक विनंती. सुवर्णमहोत्सवाच्या नावनोंदणीचा फॉर्म मला मिळाला. त्यात नाव, दहावीचं वर्ष, व्यवसाय यांच्याखाली 'वैवाहिक स्थिती' आणि 'जोडीदाराचं नाव' असे दोन रकाने आहेत. ते काढून टाकावेत. जेवणाची पानं मोजायला 'सोबत येणाऱ्यांची संख्या' एवढं पुरेल. कुणी आईला आणेल, कुणी बहिणीला, कुणी एकटी येईल. त्याच्या खालचा 'कोणत्या कार्यक्रमात भाग घेणार?' हा रकाना मात्र मोठा करावा, तिथं जागा फार कमी आहे. मी त्यात लेझीम लिहिलं आहे आणि माझ्या त्या मैत्रिणीचंही नाव तिच्या परवानगीनं दिलं आहे. सराव कोणत्या तारखेपासून ते कळवावं.