रविवारी चंद्री पान्हा चोरते

डेअरीच्या वहीत रविवार संध्याकाळी माझ्या नावापुढे साडेआठ लिटर पडतात. इतर दिवशी अकरा. मापाला बसणारा पोरगा हसून विचारतो, "वहिनी, गाईला रविवारची सुट्टी का?"

कास धुवून सडांना हात लावला की मिनिटभरात चंद्री पान्हावते. पण पलीकडच्या माळावर गाडी फटफटली, की हिची मान वर, कान ताठ आणि सड सैल. मग पुढ्यात पेंड टाका नाहीतर वासरू लावा. डॉक्टर म्हणाले, जनावर दचकलं की ॲड्रेनलिन चढतं आणि पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन अडतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चोरतीय ती."

माळ चुलत दिरांचा. वाटणीत आम्हाला ओढ्याकाठची खाचरं आली, त्यांना वरकस दोन एकर. नाचणी-वरीपलीकडे तिथं काही पिकलं नाही, हे खरंच. पुण्याच्या दोन पोरांनी माळ भाड्यानं मागितला, भाऊजींनी जेसीबी लावला, वळणावळणावर जुने टायर रचले. आता तिथं सहा एटीव्ही आहेत, म्हणजे माळरानावर पळवायच्या जाड टायरांच्या उघड्या चारचाकी गाड्या, पंधरा मिनिटांचे पाचशे रुपये. मुळशीला फिरायला आलेले लोक वाट वाकडी करून येतात. दोन गाड्यांचे सायलेन्सर पोरांनी मुद्दाम काढलेत. आवाज आल्याशिवाय गिऱ्हाइकाला मजा येत नाही म्हणे.

आधी पोलिसांना फोन केला. "डीजे आहे का?" नाही. "रात्री दहानंतर?" नाही, संध्याकाळी पाचला. तिकडून नुसतं "बरं" आलं. आरटीओत ओळखीच्या एकाला विचारलं, तर गाड्यांना नंबरच नाही आणि त्या कुंपणाबाहेर रस्त्यावर येत नाहीत, त्यामुळे तिथंही हात वर.

मग पुतण्याला बसवून २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून घेतले. औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र, असे चारच रकाने. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, आणि त्याच्या वर दहा गेले की तक्रार करता येते. शेताचा रकानाच नाही! गोठ्यात मोबाइलवर ७८ दिसत होते, पण आमचा गोठा कुठल्या रकान्यात घालायचा? शाळेभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं, पण आमची जिल्हा परिषदेची शाळा माळापासून लांब, आणि रविवारी ती बंदच.

धागा सापडला तो सातबाऱ्यावर. जमीन शेतीची, तिथं तिकीट लावून धंदा चाललेला. १९६६च्या जमीन महसूल संहितेत बिगरशेती वापराचं कलम ४४ आहे आणि विनापरवाना वापराच्या दंडाचं ४५. अर्ज लिहून तयार केला. पण तो तहसीलला दिला की दंड बसणार भाऊजींना, पुण्याची पोरं दुसरा माळ बघणार. शिवाय आमचा गोठा तरी कुठं कागदावर आहे, हे मला रात्री आठवलं. (पत्रा बदलताना कुणाला विचारलं होतं?)

अर्ज पिशवीत ठेवूनच भाऊजींकडे गेले. म्हटलं, "पाच वाजता गोठ्यात येऊन बसा, बाकी काही मागत नाही." ते आले. उकिडवे बसले, पंधरा मिनिटं चरवीकडे बघत राहिले. दोनदा फटफट झाली, दोनदा धार तुटली. उठताना एवढंच बोलले, "पण तीच गर्दीची वेळ आहे गं."

शेवटी ठरलं ते असं: साडेचार ते सहा गाड्या बंद, सायलेन्सर परत बसवायचे, सुरुवातीची जागा ओढ्याकडून टेकाडापलीकडे न्यायची. लिहून काही घेतलं नाही. अर्ज अजून पिशवीतच आहे आणि ते भाऊजींनाही माहीत आहे.

काल रविवार होता. साडेचारला सगळं गप्प झालं. पाच वाजून दहा मिनिटांनी एक गाडी सुरू झाली, लगेच भाऊजींची शिवी ऐकू आली आणि गाडी बंद पडली. सव्वादहा लिटर.