लॅपटॉपचा लॅन पोर्ट: बदलण्याआधी मोजून बघा

लॅन पोर्टमध्ये, म्हणजे नेटची केबल खोचायच्या जागेत, केबल लावली आणि तिथला दिवा लागला नाही, की ‘मदरबोर्ड गेला’ असं पटकन ठरवलं जातं. पण लॅन पोर्टचं दुखणं तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतं: पोर्टच्या पिना, त्यामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याही मागची नेटवर्क चिप. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. म्हणून आधी तपास, मग स्क्रू-ड्रायव्हर. आणि तपासात सगळ्यात आधी दुसरी केबल आणि राउटरचा दुसरा पोर्ट लावून बघा.

वेगावरूनच बरंच कळतं. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. त्यामुळे आधी गिगाबिट मिळायचं आणि आता वेग ९५च्या वर जात नाही, असं असेल तर चिप जिवंत आहे. ४, ५, ७, ८ यांपैकी एखादी पिन टेकत नाही. मात्र मशीन मुळात गिगाबिटचं आहे ना, हे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून घ्या. रिअलटेक कंपनीच्या चिपच्या नावात ‘जीबीई’ असेल तर गिगाबिट, ‘एफई’ असेल तर १००चंच.

दिवा लागतो-विझतो, ‘कनेक्टेड’ दिसतं आणि लगेच जातं, हेही बहुतेकदा त्याच बिघाडाचं लक्षण. दोन्ही टोकं आपसातला वेग १-२ आणि ३-६ या जोड्यांवर वाटाघाट करून ठरवतात. तिथे गिगाबिट ठरतं, पण प्रत्यक्षात एक जोडी तुटलेली असल्याने जोडणी उभी राहत नाही. काही चिपा आपोआप १००वर उतरतात, सगळ्या नाही. विंडोजमध्ये अडॅप्टरच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ आहे. तिथे १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी) निवडता येतं. यात एक धोका आहे. लॅपटॉपने वेग पक्का करून वाटाघाटच बंद केली, तर समोरचा राउटर वेग ओळखतो, पण हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरून बसतो. मग नेट चालतं, पण फाइल टाकायला घेतली की रडत चालतं. लिनक्सवर इथटूल या कमांडने वाटाघाट चालू ठेवून फक्त १०० फुलच जाहीर करता येतं, तो योग्य मार्ग. विंडोजवाल्यांसाठी मला सगळ्यात बिनधोक वाटतो तो उपाय म्हणजे मध्ये १०० एमबीपीएसचा साधा स्विच (अनेक केबली जोडायची डबी) लावणं. गिगाबिट त्याच्याकडे नसतंच, त्यामुळे १०० फुल आपोआप ठरतं आणि कुठलीही सेटिंग बदलावी लागत नाही.

आता पिना. टॉर्च आणि भिंग घ्या. प्लगचा खटका अडकतो ती खाच खाली धरून पोर्टमध्ये बघितलं, की डावीकडची पहिली पिन ती १ आणि उजवीकडची शेवटची ती ८. टेलिफोनचा लहान प्लग चुकून या पोर्टमध्ये घातला, तर त्याच्या कडेचं प्लॅस्टिक नेमक्या १ आणि ८ या पिना दाबून टाकतं. ८ गेली तर गिगाबिट जातं; १ गेली तर काहीच चालत नाही. दबलेली पिन उचलण्यापूर्वी चार्जर काढा आणि बॅटरीची जोडणी सोडवा. मग बारीक आकडा किंवा टोक वाकवलेली सुई पिनेच्या मोकळ्या टोकाखाली घालून शेजारच्या पिनेच्या उंचीला येईल इतपत हळूहळू वर घ्या. मुळापासून वाकवू नका. हा धातू वाकवला की कडक होतो आणि पुन्हापुन्हा वाकवला तर तुटतो. पिन स्वतःच्याच खाचेत बसली आहे ना, तेही बघा. शेजारणीवर चढली तर दोन तारा शॉर्ट होतात. काळपटपणा किंवा हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मल्टिमीटर घ्या. जुन्या केबलचा प्लगसकट १५ सेंटिमीटरचा तुकडा कापा, आठही तारा सोला आणि बंद लॅपटॉपच्या पोर्टमध्ये खोचा. नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी जोडी १-२, हिरवी ३-६, निळी ४-५, तपकिरी ७-८. प्रत्येक जोडीच्या दोन तारांमध्ये एक-दोन ओहमच्या आतच रोध दिसायला हवा, कारण पलीकडे ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं आहे. एखादी जोडी उघडी दिसली आणि प्लग हलवल्यावर परत आली, तर पिन सैल किंवा पोर्टखालचं सोल्डर तडकलेलं. हलवूनही येत नसेल तर पिन तुटली आहे किंवा वेटोळं जळलं आहे. दोन वेगळ्या जोड्यांमध्ये बहुधा १५० ओहमच्या आसपास दिसतं, कारण प्रत्येक जोडीमागे ७५ ओहमचा रेझिस्टर असतो. हे सगळं ठीक असूनही दिवा लागत नसेल, तर आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) लॅन चालू आहे का आणि ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, बसला आहे का ते बघा. तेही ठीक असेल तर संशय चिपवर.

चिप जाण्याचं आपल्याकडचं मोठं कारण आकाशातली वीज आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गच्चीवरून इमारतीपासून इमारतीपर्यंत ओढलेल्या तांब्याच्या केबलमध्ये मोठा विद्युतदाब तयार होतो. केबल आणि चिप यांना वेगळं ठेवणारं ट्रान्सफॉर्मरचं विलगीकरण १५०० व्होल्टच्या चाचणीचं असतं. जवळ वीज पडली तर ते पुरत नाही. कडकडाट सुरू झाला की चार्जर आणि केबल दोन्ही काढा. चिप गेलेलीच असेल तर पोर्टवर पैसे घालू नका. बायोसमध्ये आतला लॅन बंद करा, विशेषतः चिप तापत असेल किंवा मशीन सुरू व्हायला रेंगाळत असेल तर.

पोर्टच तुटला असेल तर लॅपटॉप उघडून तो कुठे बसला आहे ते बघा. काही मॉडेलमध्ये तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो. तसं असेल तर अख्खा बोर्डच बदला, काम स्क्रू आणि पट्टीच्या केबलवर भागतं. मदरबोर्डवर असेल तर नवा पोर्ट हुबेहूब तसाच हवा: उंची, पायांची मांडणी, बोर्डात किती खोल बसतो, प्लग बसावा म्हणून खाली उघडणारा जबडा आहे की नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला भंगार बोर्डावरचा मिळू शकतो. काढताना लोक घाई करतात आणि बोर्डाची वाट लावतात. पोर्टच्या धातूच्या कवचाचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता शोषून घेतात. अर्धवट वितळलेल्या सोल्डरवर पोर्ट ओढला की पॅड, म्हणजे पाय चिकटलेला बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, उखडतो. जुना पोर्ट तसाही टाकायचाच असतो. कटरने त्याचं प्लॅस्टिक तोडा, पिना एकेक करून काढा, कवचाचे पाय शेवटी.

फक्त खटका धरत नसेल तर आधी केबलचा प्लग बदला, कारण बहुतेकदा तुटलेली जीभ त्याचीच असते. पोर्टचाच जबडा तुटला असेल तर आखूड केबल कायमची लावून लॅपटॉपच्या कडेला टेपने पक्की करा आणि पुढच्या टोकाला कपलर (दोन केबली जोडणारा तुकडा) बसवा. रोजची ओढाताण मग कपलरवर येते.

बाकी सगळ्यांसाठी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर. आत रिअलटेक ८१५३ किंवा एसिक्स ८८१७९ चिप असलेला घ्या आणि यूएसबी ३च्या पोर्टला लावा. यूएसबी २ची मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे. अडॅप्टरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक, वेगळा असतो. केबलवाल्याने जुना पत्ता बांधून ठेवला असेल तर लावूनही नेट येणार नाही. त्याला नवा पत्ता कळवा किंवा मध्ये राउटर ठेवा. ड्रायव्हर उतरवायलाही नेट नसेल तर अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडा, तो केबलने लॅपटॉपला लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि तेवढ्यापुरतं त्यावरून काम भागवा.