काटा खाली आला तेव्हा

बेळगावात उद्यमबागला माझं छोटं गॅरेज आहे. मागच्या पावसाळ्यात जांबोटीकडचा एक पोरगा जिप्सी घेऊन आला. रेडिएटरची जाळी लाल चिखलानं लिंपलेली, त्यात पंख्याच्या पात्यानं गोल ओरखडा काढलेला. ओढ्यात वेगानं गाडी घातली की पाण्याच्या रेट्यानं पाती पुढं वाकतात आणि जाळी खरवडतात. दोन वर्षांत हा दुसरा रेडिएटर. "ह्यो मागंच टाकूया की," पोरगा म्हणाला. गाडी फक्त शर्यतीची, ट्रकवर लादून नेणारी. मी हो म्हटलं.

काम आवडीचं होतं, चार दिवस त्यातच गेले. मागच्या हौद्यात रेडिएटर उभा केला, त्याला दोन इलेक्ट्रिक पंखे, त्यांना करंट देणारा रिले आणि जाड वायर. इंजिनावरचा पंखा काढून टाकला. सायलेन्सरपासून लांब, चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या कडेनं स्टीलचे पाइप नेले. टोकांना फुगवटा काढून घेतला, नाहीतर क्लिप कितीही आवळा, गरम झालं की रबरी होज निसटतो. एवढी सगळी काळजी घेतली आणि साधा हिशेब मात्र केला नाही. जाऊन-येऊन पाच मीटर पाइप, आतून बत्तीस मिलीमीटर. म्हणजे नुसत्या पाइपांतच चार लिटर कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, मावतं. गाडीत आधी पाच लागायचं, आता नऊ लागायला हवं. सव्वासहा गेलं आणि तोंडापर्यंत आलं. भरलं, असं मी समजलो.

इंजिन चालू करून ठेवलं. तापमानाचा काटा निम्म्यावर आला, थोडा वर सरकला आणि मग हळूहळू खाली, थेट थंडपर्यंत. पोरगा खूश. "काका, मागं टाकल्यावर लई गार चालतंय की!" मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

शेजारी रेडिएटर झाळायचं दुकान असलेले म्हातारे काका चहा प्यायला आले होते. गाड्यांचं बोलायला लागले की ते कन्नडवर येतात. त्यांनी कप खाली ठेवला, वाकून मागं जाणाऱ्या पाइपाला हात लावला.

"तण्णग ऐती."

गार आहे. इंजिन वीस मिनिटं चालू आणि पाइप गार? मी बोनेट उघडलं. हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, किटलीसारखी खदखद ऐकू येत होती. मी पटकन चावी फिरवली. झाकणाकडं हात गेला तसा काकांनी मनगट धरलं. दाबाखालचं झाकण तेव्हा उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं. अर्धा तास गुपचूप बसलो.

झालं होतं असं. इंजिनाचं हेड उंच, तिथून पाइप चॅसीपर्यंत उतरतो आणि मागं पुन्हा चढतो. हवा वर पळते. पाणी मी मागून भरत होतो आणि पुढची हवा हेडमध्ये कोंडली होती. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडं सोडणारी झडप, त्या हवेतच, म्हणून तो उघडला नाही. काट्याचा सेन्सरही हवेतच. पाणी भिडलं तरच तो खरं सांगतो. पाणी खाली गेलं, काटाही खाली आला, आणि आम्ही त्याला थंडावा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटच्या घरावर निपल, म्हणजे नळी जोडायचं तोंड, बसवून बारीक नळी वर, रोल केजला (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याला) बांधलेल्या टाकीत नेली. रेडिएटरच्या डोक्यावरूनही तशीच एक. टाकीच्या तळातून तिसरी नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला. दाबाचं झाकण आता टाकीवर, सगळ्यांत उंच. नळी कुठंही खाली वाकू दिली नाही, तेवढी एक गोष्ट काकांनी स्वतः बघितली.

भरताना टाकीत बुडबुडे येतच राहिले. पावणेतीन लिटर आणखी गेलं. सव्वासहा आणि पावणेतीन, बरोब्बर नऊ.

इंजिन तापल्यावर मी खाली वाकून पाइपाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"ह्यांग ऐती?" काकांनी विचारलं.

बोटांवर फुंकर मारत मी म्हटलं, "बिशी."