२७० फुटांचा फरक

गेल्या मे महिन्यात आमच्या कंपनीचं छोटं जेट आठ दिवस जळगावला उभं होतं. मुंबईत पार्किंग मिळेना म्हणून. मी मूळ अमळनेरचा, त्यामुळे साहेब म्हणाले, "तू तिथलाच आहेस, आरव्हीएसएमचं मॉनिटरिंग पण उरकून घे." विमानाच्या उड्डाणयोग्यतेची कागदपत्रं मी सांभाळतो. उरकून घे म्हणायला काय जातंय.

२९ ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात पूर्वी वरच्या आणि खालच्या विमानात २ हजार फुटांचं अंतर ठेवायचे. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००३ पासून ते १ हजार फुटांवर आलं; हेच आरव्हीएसएम. सात पातळ्या होत्या, त्या तेरा झाल्या. त्या बदल्यात एक अट आली: विमान खरंच त्या उंचीवर उडतंय हे बाहेरून मोजून दाखवायचं. दोन वर्षं किंवा विमानामागे १ हजार तास, यातलं जे नंतर येईल तेव्हा. एका प्रकारची दोन विमानं मोजली की मोठ्या कंपन्यांचं भागतं. आमच्याकडे त्या प्रकारचं एकच.

रात्री घरी आप्पांनी विचारलं, "विमानात मीटर असतंच ना, मग पुन्हा कशाला मोजायचं?" मी म्हटलं, मीटर उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतं. पायलटला जो आकडा दिसतो तोच ट्रान्सपॉन्डर खाली कंट्रोलरला पाठवतो, आणि तोच शेजारच्या विमानाच्या टीकॅसला, म्हणजे टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला जातो. मुळात दाबच चुकीचा घेतला गेला, तर सगळ्यांना सगळं बरोबरच दिसणार. आप्पांनी आयुष्यभर विहिरीचं पाणी गाठी मारलेल्या दोरीनं मोजलंय. म्हणाले, "दोरीच खोटी ऱ्हायनी ते मोजनारा काय करी?" तीन तासांच्या ट्रेनिंगमध्ये मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

मोजणारा तंत्रज्ञ एक पेटी घेऊन आला. जीपीएसचे दोन अँटेना आतून खिडक्यांना रबरी वाट्यांनी चिकटवायचे, बाकी यंत्र सीटवर. बाहेर ४४ अंश. वाट्या दर पाच मिनिटांनी सुटून पडत होत्या. शेवटी जीपीयू (विमानाला जमिनीवरून वीज देणारं यंत्र) लावून एसी चालवला, काच जरा निवली, तेव्हा धरल्या. मग जळगाव ते बंगळूर, ३५ हजार फुटांवर अर्ध्या तासाहून जास्त सरळ उड्डाण. जीपीएसची उंची, ट्रान्सपॉन्डरचा आकडा आणि हवामान खात्याची त्या दिवसाची दाबाची माहिती जुळवून निकाल काढतात. तो आपल्या भागासाठी बँकॉकच्या संस्थेकडे जातो. तिचं लघुनाव 'मार'. नावाला जागली ती.

निकाल आला: आकडा दाखवतो त्यापेक्षा विमान २७० फूट खाली. मर्यादा २४५ फुटांची. त्याच दिवशी फ्लाइट प्लॅनच्या दहाव्या रकान्यातला 'डब्ल्यू', म्हणजे आरव्हीएसएमच्या मान्यतेची खूण, काढला आणि विमान २९ हजारांच्या खाली आलं. इंधनाचा खर्च बघून मालकांचे फोन सुरू झाले.

पायलट म्हणत होते, दोन्ही अल्टिमीटर (उंचीचे मीटर) जुळतात, मग चूक कुठली? दाबाच्या नळ्या तपासणारा पिटो-स्टॅटिक टेस्टर लावला: गळती नाही, दाबावरून उंची काढणारा एअर डेटा कॉम्प्युटर ठीक. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या एएमईनं (देखभालीच्या इंजिनिअरनं) स्टॅटिक पोर्टच्या, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकाच्या भोवती बोट फिरवलं आणि मला म्हणाला, "इथे हात लाव." पोर्टभोवती चौकट आखलेली असते, तिच्या आतला पत्रा गुळगुळीत राहायला हवा. आमच्या बोटाला बारीक कड लागत होती. सहा महिन्यांपूर्वी विमान रंगवलं होतं. पोर्टवर टेप लावून रंग मारला, टेप काढली, कड तशीच राहिली. दोन्ही बाजूंना सारखीच. म्हणून तर दोन्ही अल्टिमीटर एकमेकांशी जुळत होते!

एवढ्याशा कडेनं २७० फूट? हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात; समुद्रसपाटीला १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७ फूट. ३५ हजारांवर हवा विरळ, तिथे तोच १ हेक्टोपास्कल ९० फुटांच्या आसपास जातो. म्हणजे आमची चूक जेमतेम ३ हेक्टोपास्कलची. जमिनीवर ताशी शून्य वेगानं उभ्या विमानात ती कोणत्याच टेस्टरला सापडली नसती, कारण कडेवरून हवा वाहतच नव्हती.

मॅन्युअलप्रमाणे रंग उतरवला, स्ट्रेट एज आणि फीलर गेजनं पत्रा तपासला, नोंदी केल्या. पुन्हा पेटी, पुन्हा त्याच वाट्या. या वेळी पहाटे साडेपाचला चिकटवल्या आणि एका दमात बसल्या. तंत्रज्ञाला दुपारी शेवभाजी खाऊ घातली. घाम पुसत त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसरा निकाल ६० फूट. कागद वर गेले, आणि 'डब्ल्यू' परत यायला आणखी तीन आठवडे लागले. आता विमान रंगवून किंवा पॉलिश करून आलं की मी आधी पोर्टवरून बोट फिरवतो, मग सही करतो. रंगवणाऱ्यांना कडेचे फोटो आणि वाढीव इंधनाचा हिशोब पाठवलाय. अजून उत्तर नाही.